सर्टिफिकेट रिटायर झालं

माझ्या सर्टिफिकेटवर 'आजीवन' असं छापलेलं होतं. कोणाचं जीवन, ते मात्र छापलेलं नव्हतं. परदेशातल्या एका मोठ्या कंपनीची ती नेटवर्किंगची परीक्षा मी लग्नाआधी पास झाले आणि त्याच जोरावर सांगलीतल्या एका सहकारी बँकेच्या मुख्य कचेरीत, संगणक विभागात चिकटले. शाखाशाखांतले संगणक एकमेकांशी बोलते ठेवायचे, हे माझं काम. ते बोलत असले की माझी कोणाला आठवण नसते. गप्प झाले की शिपायापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना माझा नंबर तोंडपाठ असतो.

पुढे त्या कंपनीला बदलाची खाज सुटली. आधी नव्या पोरांसाठी आजीवनाचं तीन वर्षांवर आलं. मग परीक्षेचं नाव बदललं. मग एका परीक्षेच्या दोन झाल्या, मग दोन्हींची परत एकच झाली, पण तिसऱ्याच नावाची. दर बदलाला एक ई-मेल यायचं: 'आपला शिक्षणप्रवास अधिक समृद्ध व्हावा म्हणून आम्ही मोठ्या उत्साहाने काही बदल करत आहोत.' कंपनीला उत्साह आला की मी आधी खालची बारीक अक्षरं वाचते. इकडे जत शाखेत वायर तीच, नेटवर्कचा डबा तोच आणि उंदीर कुरतडतो तीही जागा तीच. उंदराला नवा अभ्यासक्रम अजून कोणी पाठवलेला नाही.

जुन्यांच्या आजीवनाला हात लावणार नाही, असं कंपनीनं मोठ्या मनानं कळवलं होतं. मन मोठं होतं, पण टिकाऊ नव्हतं. एका सकाळी चहा पिताना ई-मेल आलं की माझं सर्टिफिकेट आता 'रिटायर' करण्यात येत आहे. शेवटी फटाक्यांचं चित्रही होतं.

ते मी मोठ्यानं वाचलं, ही माझी चूक. समोर आबा बसले होते.

आबा म्हणजे माझे वडील. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आमचं गाव पाटणच्या बाजूला. आई गेल्यावर मी त्यांना माधवनगरला आमच्या घरी आणलं. नवरा कडेगावकडे साखर कारखान्यावर, हंगामात तो रविवारपुरता उगवतो. त्यामुळे घरात मी आणि आबा, आणि भिंतीपलीकडे शेजारच्या चाचांचे यंत्रमाग. ते सकाळी सुरू झाले की संध्याकाळपर्यंत खडाखडा चालतात. सवय झाली की ऐकू येत नाहीत, पण नवीन पाहुण्याला आमच्याकडे ओरडून बोलावं लागतं.

माझं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं होतं आबांनीच, माझ्या टेबलाच्या वर, आणि तेही चारी कोपऱ्यांत चार खिळे ठोकून. कोयनेच्या भूकंपाच्या धक्क्यांत वाढलेल्या माणसाला दोरीनं टांगलेली वस्तू बघवत नाही. आमच्या गावच्या घरात देवाचे फोटोसुद्धा असेच भिंतीला जखडलेले आहेत. धक्का बसला तर भिंत पडेल, फोटो पडणार नाही, अशी त्यामागची समजूत.

तर 'रिटायर' हा शब्द ऐकून आबांनी कप खाली ठेवला. चेहरा उजळला.

"रिटायर झालं? मानानं?"

"व्हय आबा. फटाके लावल्यात त्येंनी."

"मग पेन्शन किती बसंल?"

मला हसू आवरेना. मी थट्टेनं म्हणाले, "कागद येतील की." आणि बँकेत निघून गेले. संध्याकाळी परत येते तो आबांचे गल्लीत पेढे वाटून झाले होते. गावी फोन झाला होता. फौजेतल्या दोन जुन्या मित्रांना फोन झाला होता. चाचांनी तर दारातच माझं अभिनंदन केलं आणि म्हणाले, "एवढ्या लहान वयात रिटायर म्हंजे लय नशीबवान हाय तुमी." ज्या घरात तीन पिढ्या फौजेत गेल्या, तिथं रिटायर या शब्दाला सत्कार, टोपी आणि दरमहा बँकेत जमा होणारी पेन्शन एवढाच अर्थ असतो. खरं सांगायचं माझ्या जिवावर आलं. पेढा बरा होता, तो मी खाल्ला.

खरी गोष्ट बँकेत वाट बघत होती. साहेब नवीन होते आणि नव्या साहेबाला असतो तसा त्यांनाही कागदाचा फार लळा होता. वरून तपासणी येणार होती. नेटवर्क सांभाळणाऱ्याकडे चालू सर्टिफिकेट हवं, अशी एक ओळ त्यांनी कुठंतरी वाचली होती.

"मॅडम, तुमचं तर एक्स्पायर झालं म्हणे."

"एक्स्पायर नाही सर, रिटायर."

"तेच ते. तपासणीच्या आत नवीन आणा. नाहीतर हे काम पुण्याच्या एजन्सीला द्यावं लागेल. तुम्हाला आपण जतला काउंटरवर घेऊ. तिकडे माणूस कमीच आहे."

मी गेली कित्येक वर्षं हे नेटवर्क चालवत होते, त्या क्षणीही ते चालू होतं, आणि साहेबांनी ती ओळ वाचली तीही त्याच नेटवर्कवरून, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. जत म्हणजे रोज जाऊन-येऊन होण्यासारखं नाही. तिथं खोली घ्यायची तर आबांचं काय? गुडघ्यांमुळे त्यांना जिना वर्ज्य झाला होता, आणि जतला भाड्याची खोली मिळणार ती माडीवरचीच. त्यांना परत पाटणकडच्या त्या रिकाम्या घरात एकटं ठेवावं लागणार होतं. हे सगळं मी त्यांना फोडून सांगितलं नाही. फक्त एवढंच म्हणाले, "आबा, एक परीक्षा द्यायची हाय. पास न्हाई झाले तर माझी जतला बदली हुईल आन् तुमाला गावाला जावं लागंल."

आबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "म्हंजे पेन्शन चालू हुण्याआधी परत भरती?"

"तसंच समजा."

परीक्षेचीही सुधारणा झाली होती. पूर्वी सेंटरवर जायचं, एक झोपाळू माणूस वहीत सही घ्यायचा, झालं. आता परीक्षा घरी. समोर कॅमेरा, आणि जगात कुठंतरी बसलेला एक परीक्षक. तो आपल्याला दिसत नाही, आपण त्याला दिसतो. खोलीत दुसरं माणूस नको, दुसरा आवाज नको, वाचताना ओठ हलवायचे नाहीत, पडद्यावरून नजर ढळू द्यायची नाही. नियम वाचून मला वाटलं, हे सगळं पाळू शकेल असा आमच्या गल्लीत फक्त विजेचा खांब आहे.

आबांना मात्र नियम फार आवडले. बऱ्याच वर्षांनी त्यांना कोणीतरी शिस्तीचं भेटलं होतं. त्यांनी चाचांशी बोलणी केली. परीक्षेच्या वेळेपुरते माग बंद ठेवायचं ठरलं. एका मुलीच्या परीक्षेसाठी माग बंद ठेवणारा माणूस कुठल्या सर्टिफिकेटानं ओळखावा, ते कंपनीनं अजून काढलेलं नाही. दारावर पहारा आबांनी स्वतःकडे घेतला.

परीक्षेच्या सकाळी कॅमेरा फिरवून चारी भिंती दाखवल्या. पडद्यावर इंग्रजीत अक्षरं उमटू लागली. कान दाखवा. मनगटं दाखवा. बाही वर करा. मग आलं, 'गळ्यात ती काळी वायर कसली आहे?'

मी मंगळसूत्र कॅमेऱ्यापुढे धरलं. लग्न झाल्याची खूण आहे, असं लिहिलं. त्यात काही यंत्र आहे का, असा प्रश्न आला. नवऱ्याशी त्यावरून संपर्क होत असता तर मला हवाच होता, पण मी नुसतं 'नाही' लिहिलं.

मग त्याला भिंतीवरची फ्रेम दिसली. 'भिंतीवरचा छापील मजकूर काढा.'

मी लिहिलं, 'ते तुमच्याच कंपनीचं सर्टिफिकेट आहे.'

'भिंतीवरचा छापील मजकूर काढा.'

ज्या कंपनीनं ते दिलं, तिलाच त्याची भीती वाटत होती. फ्रेम निघेना. खिळे आबांनी ठोकलेले, ते माझ्या बापाच्यानंच निघणार. आबा पक्कड घेऊन आत आले. तसा पडदा पुन्हा बोलू लागला: 'खोलीत दुसरी व्यक्ती आहे. ती कोण?' मी लिहिलं, 'वडील. तुम्ही काढायला सांगितलेली वस्तू काढत आहेत.' उत्तर आलं, 'त्यांना बाहेर पाठवा.' मी लिहिलं, 'मग वस्तू निघणार नाही.' यावर बराच वेळ शांतता. बहुधा तिकडे वरिष्ठांना विचारलं गेलं असावं. तेवढ्यात आबांनी एकेक खिळा कुरकुरत उपटला, कॅमेऱ्याकडे बघून कडक सलाम ठोकला आणि फ्रेम काखेत घेऊन बाहेर गेले. भिंतीला चार भोकं राहिली. त्यांना परीक्षकाची हरकत नव्हती.

परीक्षा सुरू झाली. माग बंद होते. इतकी शांतता आमच्या घराला ठाऊक नव्हती, मलाच चमत्कारिक वाटू लागलं. प्रश्न सोपे नव्हते, पण येत होते. निम्म्याहून पुढे गेले आणि मनात आलं, गंगेत घोडं न्हालं.

त्याच वेळी अंगणातून गडगडाट झाला.

"थम! कौन आता है?"

आणि लगेच, तेवढ्याच जोरात, दुसरा आवाज:

"दोस्त!"

चाचा होते. माग कधी सुरू करायचे ते विचारायला, चपला हातात घेऊन, पाय न वाजवता आले होते. पण पहाऱ्यावरच्या सुभेदारानं फाटकातून आत येणाऱ्याला हटकायचं नाही, असं कुठल्या फौजेत शिकवतात? आणि चाचांनी तरी काय करावं? रोज संध्याकाळी दोघं म्हातारे ओट्यावर गप्पा मारायला बसतात, तेव्हा हेच ओरडून बसतात. हटकलं की 'दोस्त' म्हणायचं, हे चाचांच्या अंगात भिनलेलं. ते म्हणून मोकळे झाले.

पडद्यावर अक्षरं उमटली. खोलीच्या परिसरात एकाहून अधिक व्यक्तींचे आवाज आढळल्याने आपली परीक्षा रद्द करण्यात येत आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार.

मी बाहेर आले तेव्हा आबा काठी बगलेत धरून ताठ उभे होते. चाचा चपला हातात धरूनच होते. दोघांच्या चेहऱ्यावर कामगिरी चोख बजावल्याचं समाधान होतं.

"झाला पेपर? लवकर झाला."

"रद्द झाला! तुमच्या वरडण्यानं रद्द झाला."

चाचा तिथल्या तिथं खाली बसले. आबांनी काठी बगलेतून काढली. म्हणाले, "आता रिटायर झाल्यालं तरी हाय न्हवं जुनं? त्येच दाखव की सायबाला."

मग माझा तोल गेला. "आवं, रिटायर म्हंजे पेन्शन न्हवं आबा! रिटायर म्हंजे रद्दी. उपेग संपला, फेकून दिलं. फुकट पेढे वाटलं तुमी."

आबा निवृत्त होऊन किती वर्षं झाली हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही. आलं असतं तरी मी बोललेच असते, इतकी मी तापले होते. आबांनी फक्त "व्हय?" असं म्हटलं आणि काठी भिंतीला टेकवली. फ्रेम त्यांनी स्वतःच्या कॉटखाली सरकवली, काच जमिनीकडे करून. दोन दिवस घरात मागांचाच काय तो आवाज. त्या दोन दिवसांत त्यांनी गावच्या घराची किल्ली शोधून खिशात घालून ठेवली. ती मला धुण्याच्या सदऱ्यात सापडली तेव्हा ती मी त्यांच्या दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात परत ठेवली आणि अर्ज लिहायला बसले.

कंपनीकडे मी दाद मागितली. वडील माजी सैनिक आहेत, पहाऱ्यावर होते, येणाऱ्याला हटकणं त्यांचं कर्तव्य होतं, येणारा मित्र निघाला, असं सगळं खरं खरं लिहिलं. आबांनी वरून एक वाक्य घालायला लावलं: 'पहारेकऱ्याची यात काही चूक नाही, हुकूमच अपुरा होता.' कंपनीत ते कोणी वाचलं की यंत्रानं वाचलं, देव जाणे. पण उत्तर आलं. पुन्हा बसू देऊ, पण घरी नाही. सेंटरवर. आणि जवळचं मोकळं सेंटर साताऱ्याला.

म्हणजे इतके बदल, सुधारणा आणि उत्साह करून झाल्यावर गाडी परत त्या झोपाळू माणसाच्या वहीपाशी येऊन थांबली.

आबा म्हणाले, "मी येतो."

"तिथं पहारा नसतो आबा."

"ठाव हाय. बसतो नुसता."

एसटीनं साताऱ्याला गेलो. सेंटर पोवई नाक्याच्या बाजूला, चपलांच्या दुकानाच्या वर. जिना होता. आबा खालीच थांबले, वॉचमनच्या शेजारी. तोही फौजेतलाच निघाला. वॉचमननं त्यांना नाव विचारलं, पलटण विचारली. आबांनी ओठांवर बोट ठेवलं. मी वर जाईपर्यंत वॉचमनही सावधानमध्ये उभा होता. हे जिन्याच्या वळणावरून मी बघितलं आणि वर जाऊन पेपर सोडवू लागले.

पास झाले. पडद्यावर पुन्हा तेच फटाके.

खाली आले तेव्हा आबा तिथंच, तोंड मिटून. मी म्हणाले, "पास." त्यांनी आधी वर खिडकीकडे बघितलं, मग हळू आवाजात विचारलं, "आता बोललं तर चालतंय?"

"चालतंय."

"पास म्हंजे पासच न्हवं? न्हाईतर परत पेढं वाटीन."

"पासच. जत न्हाई, गाव न्हाई."

आबांनी खिशातली किल्ली काढली, बघितली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. मग नाक्यावरच्या दुकानातून कंदी पेढे घेतले. वॉचमनला आधी दिले.

एसटीत त्यांनी विचारलं, "कागुद कुठाय?"

"कागद न्हाई देत आता. बॅज देत्यात."

"बिल्ला? दाव."

मी फोन पुढे केला. पडद्यावर एक निळा षट्कोन होता. आबांनी तो बोटानं उचलायला बघितला, मग चष्मा काढून पुसला. "हे छातीला कसं लावायचं?" षट्कोनाखाली मुदत लिहिली होती: एक वर्ष. आजीवनाचं एवढंच उरलं होतं. आणखी खाली एक ओळ होती. आपलं रिटायर झालेलं जुनं सर्टिफिकेट सन्मानाने मिरवायचं असल्यास अमुक इतकी वार्षिक फी भरावी.

ते वाचून दाखवल्यावर आबा एवढे हसले की कंडक्टर वळून बघायला लागला. "म्हंजे रिटायर आपून हुयाचं आन् पेन्शनबी आपूनच भरायची!"

साहेबांनी दुसऱ्या दिवशी तो षट्कोन डोळ्यांसमोरून ओझरता जाऊ दिला आणि "ओके" म्हणाले. तपासणीवाल्यांनी विचारलं, "सर्टिफिकेट आहे?" साहेब म्हणाले, "आहे." त्यांनी कागदावर खूण केली आणि चहा घेतला. षट्कोन कोणी उघडून बघितला नाही. त्यासाठी मी जवळजवळ बापाला गावी पाठवणार होते.

शनिवारी सुट्टी होती, मी कॉटखालची फ्रेम बाहेर काढली, काच पुसली आणि स्टूल ओढलं.

"ते रद्दी न्हवं?" आबांनी विचारलं.

"कंपनीच्या लेखी. माझ्या न्हाई. रागात मानूस काय बी बोलतंय आबा."

ते स्टूल धरून उभे राहिले. जुन्या भोकांत आबांनी भरलेलं सिमेंट वाळलं होतं, त्यांवरच मी खिळे ठोकायला घेतले. तीन झाले. चौथ्याला आबा म्हणाले, "पुढच्या वर्षी घरी परीक्षा आली तर परत उतरवाया लागंल की गं."

"लागंल. एकच वर्साची मुदत."

"मग लय खोल ठोकू नगंस. तवा पक्कड धराया मी असंन नसंन. तुला एकटीला निघाला पायजे."

मी चौथा खिळा ठोकला, आणि मग आधीच्या तिन्हींवर आणखी दोन-दोन ठोके घातले, चांगले जोरात.